शंभर पोरांची आई

१५ ऑक्टोबर १९३२ चा दिवस. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनावर आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक तीस वर्षांची बाई चढली. उंची जेमतेम पाच फूट. अंगावर साधाच कोट. एका पेटीत कपडे, दुसरीत टिनचे डबे, बरोबर एक लहानसा स्टोव्ह, आणि वर दोरीने बांधलेली किटली व पातेले! कुणालाही वाटावे, कुठल्या तरी बड्या घरची मोलकरीण जागा बदलून दुसऱ्या गावी निघाली आहे.

ती मोलकरीण होती, यात शंका नाही. पण तिच्या हातातले तिकीट होते थेट चीनचे!

तिचे नाव ग्लॅडिस एलवर्ड. उत्तर लंडनच्या एडमंटन भागातल्या एका पोस्टमनची ही मुलगी. शिक्षण बेताचेच. चौदा-पंधराव्या वर्षापासून पोटासाठी लोकांच्या घरी कामे करीत आलेली. चीनमध्ये जाऊन ख्रिस्ताची कथा सांगावी, या एकाच ध्यासाने तिला पछाडले होते. लंडनच्या चायना इनलँड मिशनने तिला तीन महिने उमेदवार म्हणून ठेवून घेतले आणि मग नकार दिला. परीक्षेत गुण नाहीत, वय सव्वीसच्या पुढे, चिनी भाषा हिला या जन्मी येणार नाही, असा त्यांचा हिशेब. कागदावर पाहिले तर तो चुकीचाही नव्हता.

दुसरी एखादी असती तर रडून गप्प बसली असती. ग्लॅडिस पुन्हा कपबशा विसळू लागली. काही काळ ती सर फ्रान्सिस यंगहजबंड यांच्या घरी होती. १९०४ साली ल्हासावर चालून गेलेले हेच ते यंगहजबंड. त्यांच्या कपाटातली चीनवरची पुस्तके ती फावल्या वेळी चाळी. बोटीचे भाडे नव्वद पौंड. ते या जन्मी जमणे शक्य नव्हते. सैबेरियामार्गे आगगाडीचे भाडे सत्तेचाळीस पौंड दहा शिलिंग. तिने तिकिटाच्या कचेरीत जाऊन दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरायला सुरुवात केली. "त्या बाजूला लढाई चालू आहे, बाई," असे तिथल्या कारकुनाने बजावले. पण ऐकते कोण!

व्हायचे तेच झाले. चिता या गावापलीकडे गाडी थांबली, पुढे सैनिकांखेरीज कुणी नाही. रात्र, बर्फ, आणि दूरवर तोफांचे आवाज. ही बाई पेट्या घेऊन रुळांच्या कडेने परत चालत निघाली, दमली तेव्हा पेट्यांच्याच आडोशाने झोपली. पुढे व्लाडिवोस्टॉक गाठले. तिथून एका जपानी बोटीने जपान, जपानहून तिन्त्सिन, आणि मग आगगाडी, मोटार व शेवटी खेचर असा प्रवास करीत ती शान्सी प्रांतातल्या डोंगरांवर, यांगचेंग नावाच्या तटबंदीच्या गावी एकदाची पोचली.

खेचरांची धर्मशाळा

तिथे तिला भेटल्या जीनी लॉसन. त्र्याहत्तर वर्षांच्या एकट्या स्कॉटिश बाई. गावात दोघींना पाहून पोरे चिखल मारीत, बायका दारे लावून घेत. परदेशी सैतानाची कथा ऐकायला येणार कोण? तेव्हा म्हातारीने एक युक्ती काढली. यांगचेंगवरून खेचरांचे तांडे जात. खेचरवाल्यांना रात्री निवारा लागे. तर आपणच एक धर्मशाळा काढू. गरम जेवण देऊ, अंथरुणात ढेकूण-पिसवा नाहीत याची हमी देऊ आणि जेवणानंतर बायबलातली गोष्ट फुकट सांगू!

धर्मशाळेचे नाव ठेवले 'आठ सुखांची सराई'. ग्लॅडिसचे काम एकच. संध्याकाळी तांडा आला की दारात उभे राहून पहिल्या खेचराचा लगाम पकडायचा आणि ते आत ओढायचे. पहिले आत शिरले की बाकीची आपोआप मागे येत. खेचरवाल्यांची बडबड ऐकत ऐकत, स्वयंपाक्याशी हुज्जत घालीत, ती चिनी बोलायला शिकली. जी भाषा हिला कधीच येणार नाही असे लंडनच्या परीक्षकांनी ठरवले होते, ती हिला त्या तबेल्यात आली.

थोड्याच काळात म्हातारी पडून वारली आणि ग्लॅडिस एकटी उरली. तेवढ्यात गावचा मँडरिन, म्हणजे आपल्याकडच्या मामलेदारासारखा अधिकारी, पालखीतून तिच्या दारी आला. मुलींचे पाय बांधण्याची जुनी चाल सरकारने बंद केली होती. गावोगाव जाऊन, घरात शिरून पाय तपासायचे, तर त्याला बाई माणूस हवे, आणि तिचे स्वतःचे पाय मोकळे हवेत. अशी बाई पंचक्रोशीत एकच होती! गावोगावी आपण आपल्या कथाही सांगणार, या अटीवर ग्लॅडिसने ते काम पत्करले. आता ती सरकारी बाई झाली. ज्या दारांना आतून कड्या लागत, ती उघडू लागली. पुढे तुरुंगात दंगा झाला, तेव्हा कुऱ्हाड घेऊन धावणाऱ्या कैद्याच्या पुढ्यात तिलाच ढकलण्यात आले. तिने दरडावून ती कुऱ्हाड मागितली आणि त्याने दिली! लोक तिला 'आय-वे-दे' म्हणू लागले. त्याचा अर्थ, सद्गुणी बाई.

नऊ पेन्सची लेक

मुलांचे वेड मात्र तिने लंडनहून आणलेले नव्हते. ते तिच्या पदरात रस्त्यात पडले. एकदा रस्त्याच्या कडेला एक बाई बसलेली तिला दिसली. शेजारी हाडांचा सापळा झालेली, खरजेने भरलेली एक पोर. ती बाई पोरे विकणारी होती. ग्लॅडिसच्या खिशात इंग्रजी हिशेबाने नऊ पेन्स निघाले. तेवढ्यात सौदा झाला! मुलीचे नावच 'नाइनपेन्स' पडले.

काही दिवसांनी ही मुलगी दारात उभी राहून विचारू लागली, आई, मी थोडे कमी जेवले आणि तूही थोडे कमी जेवलीस, तर एक कमी असलेल्याला पोटभर मिळेल का? दाराबाहेर एक उपाशी पोरगा उभा होता. त्याचे नाव पडले 'लेस', म्हणजे 'कमी'. मग आणखी एक आले, मग आणखी. मूल विकत घेण्यावर आणि कुठल्याही सोसायटीच्या परवानगीविना संसार थाटण्यावर आज कुणी कायद्याने बोट ठेवील. पण त्या रस्त्यावर त्या घटकेला दुसरा कोण होता?

१९३६ साली तिने आणखी एक गोष्ट केली. आपले इंग्रज नागरिकत्व सोडून ती चीनची नागरिक झाली. मायदेशी परतण्याचा दोर तिने आपल्या हाताने कापला.

१९३८ च्या वसंतात यांगचेंगवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. सराईचा एक भाग कोसळला, ग्लॅडिस ढिगाऱ्याखाली सापडून वाचली. त्यानंतर गाव कधी जपान्यांच्या हाती, कधी चिन्यांच्या. प्रत्येक फेरीत आईबाप मरत आणि पोरे मागे उरत. ती सगळी या बाईकडे येत. दरम्यान तिने जपानी फौजेच्या हालचाली चिनी सैन्याला कळवल्या होत्या. जपान्यांनी तिच्या डोक्यावर शंभर डॉलरचे इनाम लावले. आता तिला निघणे भाग होते. पण मुलांचे काय?

डोंगर, नदी आणि कोळशाची गाडी

१९४० च्या मार्चमध्ये ती सुमारे शंभर मुले घेऊन निघाली. चार-पाच वर्षांच्या चिमुरड्यांपासून पंधरा वर्षांच्या मुलींपर्यंत. मँडरिनने दोन टोपल्या राळे आणि ते वाहायला दोन माणसे दिली. ती माणसे थोड्या मजलांनंतर परत फिरणार होती. पुढे फक्त ही बाई आणि तिची पोरे.

बारा दिवस डोंगरातून चालणे! कापडी जोडे दोन दिवसांत फाटले. थोरली मुले धाकट्यांना पाठुंगळीला घेत, ती थकली की ग्लॅडिस घेई. रात्र कधी एखाद्या देवळात, कधी उघड्या कातळावर. राळ्याची पेज दिवसेंदिवस पातळ होत गेली. मुले रडायला लागली की ही गाणी म्हणायला लावी. ज्याने शंभर सोडा, दोन मुलांना घेऊन कोकणात पायी प्रवास केला असेल, त्यालाच त्या बारा दिवसांची कल्पना येईल.

अखेर पिवळी नदी दिसली. पलीकडे मोकळा मुलूख, म्हणजे पोटाला अन्न. पण काठावर एक बोट नाही! जपानी येणार म्हणून सैन्याने सगळ्या बोटी पैलतीराला नेल्या होत्या. वाळूवर बसून मुलांनी दिवसामागून दिवस काढले. भुकेने पोरे निपचित पडली. तेव्हा एका तेरा वर्षांच्या मुलीने विचारले, मोझेसने समुद्र दुभंगला, मग आपल्यासाठी देव ही नदी का दुभंगत नाही? ग्लॅडिस म्हणाली, मी काही मोझेस नाही. मुलगी म्हणाली, पण देव तर तोच आहे ना!

बाईजवळ उत्तर नव्हते. तिने सगळ्यांना गायला लावले. आणि गंमत पाहा, त्या गाण्याच्याच आवाजाने काठावर गस्त घालणारा एक चिनी अधिकारी तिकडे आला. त्याने शीळ घालून पैलतीराला खूण केली आणि बोटी आल्या. नदी दुभंगली नाही, पण मुले पलीकडे गेली. यात देवाचा हात किती आणि त्या अधिकाऱ्याच्या माणुसकीचा किती, ते ज्याचे त्याने ठरवावे.

पुढची आगगाडी पाहून निम्मी पोरे भिऊन पळाली, कारण इंजिन त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. मध्येच रेल्वेमार्ग तुटलेला, म्हणून पुन्हा डोंगर. नंतर रात्रीच्या अंधारात कोळशाच्या गाडीवर झोपलेल्या पोरांना चढवले, कारण नदीपलीकडून जपानी गोळीबार करीत. सकाळी जागी झाली तेव्हा सगळी काळीठिक्कर, आणि एकमेकांची तोंडे पाहून हसत सुटलेली! सिआन शहराच्या वेशी निर्वासितांना बंद होत्या. शेवटी फूफेंग गावच्या अनाथाश्रमात सगळी मुले सुखरूप पोचली. एकही वाटेत हरवले नाही.

मुले पोचली आणि मग बाई कोसळली. तापाने बेशुद्ध, अंगात त्राण नाही, फुप्फुसाला सूज. तिने जगावे अशी डॉक्टरांना आशा नव्हती. पण ती जगली.

सिनेमातली आणि खरी

१९४९ साली ती इंग्लंडला परतली. ॲलन बर्जेस या लेखकाने तिच्यावर 'द स्मॉल वुमन' हे पुस्तक १९५७ साली लिहिले, आणि १९५८ साली हॉलिवूडवाल्यांनी त्यावर चित्रपट काढला. या ठेंगण्या, काळ्या केसांच्या बाईचे काम केले उंचनिंच, सोनेरी केसांच्या इन्ग्रिड बर्गमनने! आठ सुखांची सहाच सुखे झाली, चीनचे डोंगर वेल्समध्ये उभे राहिले, आणि नायक-नायिकेचे प्रणयप्रसंग घुसडले गेले. चित्रपट जगभर गाजला. जिच्यावर तो काढला तिला मात्र त्या प्रणयप्रसंगांची आयुष्यभर लाज वाटत राहिली.

इथे आपल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांच्यावरही व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. १९३८ साली पाच हिंदी डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यांत कोटणीस होते. ज्या काळात ग्लॅडिस पोरांना घेऊन डोंगर तुडवीत होती, त्याच काळात तेही उत्तर चीनमध्ये जखमींवर शस्त्रक्रिया करीत होते. त्यांनी चिनी भाषा शिकली, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला. एक धर्मासाठी गेलेली, दुसरा देशाच्या वतीने गेलेला. दोघांनीही जाताना परतीचा दिवस मनाशी धरला नाही.

मिशनरी म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठी पडते. भुकेल्याला भाकरी देताना त्याचा धर्म मागू नये, हा आक्षेप रास्तच आहे. ग्लॅडिस धर्म सांगायला गेली होती आणि ते तिने कधी लपवले नाही. पण त्या डोंगरात तिने पोरांना उचलले ते ती ख्रिस्ती होणार म्हणून नव्हे, ती पोरे होती म्हणून.

आजही परदेशच्या अनाथ मुलांची सेवा करायला ख्रिस्ती मंडळांचे स्वयंसेवक जातात. कुणी विमानाने पंधरा दिवसांसाठी जातात, भिंती रंगवतात, पोरांना कडेवर घेऊन छायाचित्रे काढतात आणि परत येतात. हेतू वाईट नसतो. पण रोज नव्या पाहुण्याच्या गळ्यात पडायचे आणि रोज त्याला निरोप द्यायचा, हे त्या पोराने किती वेळा करावे? २०१० साली हैतीत मोठा भूकंप झाल्यावर अमेरिकेतील दहा बाप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना अनाथ म्हणून सीमेपार नेताना पकडले गेले. चौकशीत कळले की त्या मुलांचे आईबाप हयात होते. गरिबीने गांजून, पोरे शिकतील या आशेने त्यांनी ती हवाली केली होती. त्या स्वयंसेवकांना ना तिथली भाषा येत होती, ना ती घरे माहीत होती.

ग्लॅडिसनेही मुले नदीपार नेली. फरक इतकाच की त्याआधी सात-आठ वर्षे ती त्या गावात राहिली होती. कुणाचा बाप कुठे मेला, कुणाची आई कुठल्या ढिगाऱ्याखाली गेली, हे तिला ठाऊक होते. आणि नदीपलीकडे गेल्यावर ती मुलांना सोडून बोटीत बसली नाही.

इंग्लंडमध्ये तिचे मन रमले नाही. कीर्ती मिळाली, व्याख्यानांची बोलावणी आली. पण कम्युनिस्ट चीनचे दार बंद झाले होते. तेव्हा ती हाँगकाँगला गेली, आणि १९५८ साली तैवानला. तिथे तिने पुन्हा अनाथाश्रम काढला. वय छप्पन्न, गुडघे दुखणारे, आणि भोवती पुन्हा पाळण्यातली पोरे. जानेवारी १९७० मध्ये तिथेच ती वारली आणि तिथल्याच मातीत तिला पुरले.

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना त्या नाइनपेन्सचे बोलणे आठवते. मी थोडे कमी जेवले तर दुसऱ्याला मिळेल का? अशाच एका सापळा झालेल्या पोरीला कुणीतरी नऊ पेन्स मोजून घरी आणले होते, आणि मग ते घर सोडले नव्हते.