पायानंच खाल्लं

हिंगोलीची जमीन पिकाला चांगली आणि घराला वाईट. ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर वरच्यावर पाया टाकला की काही वर्षांतच भिंतीला तिरपी चीर जाते. म्हणून इथला मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खोदतो. कयाधू नदीच्या बाजूच्या एका वस्तीत मी एका मावशींच्या घरकुलाचं काम पाहत होतो, तिथे मुरूम काही केल्या लागेना. पुरुषभर खड्ड्यात उभा राहून मिस्त्री वर माती फेकत होता. "मावशी, ही जमीन लबाड हाय," तो खालूनच म्हणाला, "इथं पैसा वाचवायला गेलात तर भिंतीत मोजावा लागंल." मग तळाशी गजाची जाळी बसली, काँक्रीट पडलं, कॉलम वर आले, जोत्यात मुरूम भरून पाणी मारून ठोकून घेतला. इतकं सगळं झालं तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावं असं तिथे काहीच नव्हतं. मावशींनी हिशेब एका वाक्यात सांगितला, "पायानंच खाल्लं सगळं."

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग 25 जून 2015 रोजी सुरू झाला, दुसरा टप्पा सप्टेंबर 2024 पासून. लोकांच्या तोंडी मात्र नाव एकच, घरकुल. मोठ्या शहरांत या योजनेतून इमारती उठतात, सोडती निघतात. हिंगोलीसारख्या नगर परिषदेच्या गावात जागाही आपली आणि बांधायचंही आपणच. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, असे अडीच लाख खात्यावर येतात. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं, देशात कुठेही पक्कं घर नसावं, आणि घर बाईच्या किंवा नवराबायको दोघांच्या नावावर हवं. ही शेवटची अट मला या योजनेतली सर्वांत शहाणी अट वाटते.

आता हिशेब करा. चटईक्षेत्र तीस चौरस मीटर धरलं तर साधारण 323 चौरस फूट. अडीच लाखाला त्यानं भागलं की फुटामागे 774 रुपये येतात. त्या भावात आज कुठलाही मिस्त्री काम उचलत नाही. दहा वर्षांत सिमेंट, गज, विटा, मजुरी सगळं चढलं आणि अडीच लाख अडीचच राहिले. शासनाच्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत आहे, पण ती घाटावरून आणायचं ट्रॅक्टरचं भाडं ज्याचं त्याचं.

शिवाय हप्ता कामाच्या मागून येतो. पाया, लिंटेल, छत, पूर्ण घर अशा प्रत्येक टप्प्यावर फोटो काढायचा, तो इस्रोच्या 'भुवन' पोर्टलवर अक्षांश-रेखांशासह चढवायचा आणि मग पुढचा पैसा सुटायचा. लिंटेलच्या फोटोच्या दिवशी मावशी हळदीच्या मोंढ्यातला रोज बुडवून थांबल्या होत्या. इंजिनिअर पोरगा आला, त्यांना दाराच्या चौकटीपाशी उभं केलं, मोबाइल आडवा धरला, लोकेशन लागेपर्यंत थांबला आणि दोन फोटो काढून पुढच्या घरी गेला. या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. कागदावरच घरं बांधून पैसे खाण्याचा धंदा या फोटोमुळे अवघड झाला. पण जोत्याखाली गेलेलं काँक्रीट फोटोत येत नाही.

लिंटेलचा पट्टाही फोटोत नीट येत नाही. दारं-खिडक्यांच्या डोक्यावर तेवढी पट्टी टाकून भागवता येतं, किंवा घराच्या चारही भिंतींवरून तो पट्टा सलग फिरवता येतो. सलग फिरवायचा तर गज जास्त लागतो, आणि कोपऱ्यात तो नुसता टेकवून चालत नाही, वळवून पुढच्या भिंतीत घ्यावा लागतो. हे काम मी जवळून पाहिलं. मिस्त्रीनं गज पाटीवर ठेवून वाकवला, तारेनं बांधला, हलवून पाहिला, नीट बसला नाही म्हणून सोडून पुन्हा बांधला. त्याचा पोऱ्या कंटाळला, पण हा हटला नाही. कारण इथल्या माणसांना भूकंप सांगावा लागत नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या जमिनीतून कित्येक वर्षं गूढ आवाज येतात. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये सकाळीच 4.5 रिश्टरचे धक्के बसले, केंद्र कळमनुरी तालुक्यात. हलणाऱ्या घरात भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून हा पट्टा असतो.

मराठवाड्यानं हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतलाय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत घरमालकांनीच आपापली घरं दुरुस्त आणि मजबूत करून घेतली. पैसा सरकारचा, हात घरच्यांचे. पण त्यांना एकटं सोडलं नव्हतं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'नं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. हप्ता कशाचा, गज कुठे लागतो, इंजिनिअरला काय विचारायचं, हे त्या घरोघर समजावत. घरकुलात आज नेमकं हेच माणूस नाही. बचत गटांसाठी समुदाय संघटक आहेत, पण बांधकाम चालू असताना मावशींच्या बाजूनं उभं राहणं हे कुणाचंच ठरलेलं काम नाही.

ते माणूस पहिल्या कागदापासून हवं. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही हिंगोलीच्या मोहल्ल्यांची नावं निजामाच्या फौजेच्या छावणीतून आली. अशा जुन्या गावात घराच्या जागेवर चार पिढ्या नांदतात आणि उतारा आजोबांच्याच नावावर राहतो. वारस लावायचा, भावांची संमती घ्यायची, थकलेली घरपट्टी भरायची, यात रोज बुडत जातो आणि कित्येकजण खोदण्याआधीच नाद सोडतात.

ज्यांचे कागद जमतात त्यांना पहिल्याच दिवशी राहती खोली पाडावी लागते, कारण दुसरी जागा नसते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडी पाडली तर विकासकाला संक्रमण शिबिर किंवा भाडं द्यावं लागतं. इथे स्वतःच्या हातानं पत्रे उतरवणाऱ्या बाईचं भाडं तिचं तिनंच भरायचं. मावशी दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहतात. काम जेवढे महिने लांबतं तेवढे महिने ते भाडं चालू, आणि हप्त्यासाठी काम थांबलं तरी ते थांबत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: थोडी उचल खड्डा मारायच्या आधी मिळावी, आणि पाडलेल्या खोलीमागे ठरावीक महिन्यांचं भाडं मिळावं. अडीच लाखांत वाढ झाली नाही तरी या दोन गोष्टींनी अर्धवट उभी राहिलेली कित्येक घरं छतापर्यंत जातील.

मावशींच्या डोक्यावर सध्या बचत गटाचं कर्ज आहे आणि सिमेंटच्या दुकानाची उधारी आहे. स्लॅब पावसाच्या आधी पडायला हवा, कारण एकदा झड लागली की सेंट्रिंगवाला दुसरीकडचा माल इकडे आणत नाही आणि उघड्या भिंती पाणी पितात. लिंटेलचा हप्ता तोवर येईल की नाही, कुणी सांगत नाही. त्यामुळे येत्या बैठकीत त्या गटाकडे आणखी एक कर्ज मागणार आहेत. मिस्त्रीनं पाण्याच्या टाकीसाठी जिन्याचं विचारलं, तर म्हणाल्या, "जिना राहू द्या. आधी वरून बंद करा."