न थांबणारी मोटार, थांबत चालणारे मेज

तुमच्या घरी किंवा शेजारी शिवणयंत्र असेल, तर ते चालू असताना सुईच्या आसपास नीट निरखून पाहा. चाक एकसारखे फिरत असते. पण कापड एकसारखे सरकत नाही. सुई कापडात शिरलेली असते तेव्हा कापड स्तब्ध असते. सुई वर आली, की तिच्याखालची दातेरी पट्टी कापडाला एका टाक्याइतके पुढे ढकलते, आणि सुई पुन्हा उतरायच्या आत कापड थांबलेले असते. हे वेळापत्रक चुकले तर सुई वाकेल नाहीतर मोडेल. अशा थांबत थांबत होणाऱ्या गतीला आपण खंडित गती म्हणू.

फ्रान्समधील लुई ल्युमिएर याने हीच युक्ती उचलली. चलच्चित्राची फीतही क्षणभर थांबली पाहिजे आणि पुढे सरकली पाहिजे. त्याने १८९५ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात एक नखी फितीच्या भोकांत अडकून तिला चित्राचित्राने खाली ओढत असे, आणि त्या नखीला नाचवणारा भाग होता कॅम. याच यंत्राने ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लोकांना चलच्चित्रे दाखवली. पुढच्या काळातील बहुतेक प्रक्षेपकांत मात्र नखीऐवजी चार खाचांचे ‘जिनिव्हा चक्र’ आले. एकसारख्या फिरणाऱ्या चाकावरची खुंटी खाचेत शिरते, चक्राला पाव फेरा देते आणि बाहेर पडते. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला १/२४ सेकंद. त्यातला पाव भाग सरकण्यात आणि पाऊण भाग स्थिर राहण्यात जाई.

आता कारखान्यात जाऊ. समजा, एका गोल मेजाच्या कडेला सारख्या अंतरावर आठ पेले ठेवले आहेत. एका ठिकाणी पेल्यात ताक भरायचे, पुढच्या ठिकाणी झाकण ठेवायचे, त्यापुढे ते दाबून बसवायचे. प्रत्येक वेळी मेजाने बरोबर ४५ अंश फिरून थांबायचे. नळीखाली पेला येण्याऐवजी दोन पेल्यांमधली फट आली, तर काय होईल ते सांगायला नको!

मग मोटार चालू-बंद, चालू-बंद करावी का? मेज जड असते. मोटार बंद केली तरी ते जडत्वामुळे थोडे पुढे जाते, आणि किती पुढे जाईल हे दर वेळी सारखे नसते. जिनिव्हा चक्र वापरावे, तर खुंटी खाचेत शिरताक्षणी त्वरण शून्यावरून एकदम वर उडी घेते, म्हणजे हिसका बसतो. हलकी फीत तो सोसते. मेजावरचे ताक सोसत नाही. शिवाय आठ खाचांच्या चक्राला खुंटीच्या ३६० अंशांच्या फेऱ्यातले १३५ अंशच फिरायला मिळतात. तो हिशेब आपल्याला बदलता येत नाही.

येथे कॅम कामाला येतो. मेजाखालच्या चकतीच्या कडेला, खाली तोंड करून, आठ रोलर बसवलेले असतात. त्यांच्याखाली लाटण्यासारखा एक पोलादी दंडगोल आडवा फिरत असतो. मोटार त्याला दंतचक्रांमार्फत एकसारखी फिरवते. या दंडगोलावर शेतातल्या वरंब्यासारखा एक उभार वळसा घेऊन गेलेला असतो, आणि तो दोन रोलरांच्या मध्ये घट्ट बसतो. वरंबा अर्धा वळसा सरळ जातो. तोवर रोलरांना डावीउजवीकडे हलायला वावच नसतो. मेज थांबलेले असते, नुसते थांबलेले नव्हे, तर जखडलेले असते. मग वरंबा तिरका होतो आणि रोलरला बाजूला ढकलतो. मेज ४५ अंश फिरते, आणि वरंबा पुन्हा सरळ होईपर्यंत पुढची जोडी त्याच्या दोन्ही बाजूंना आलेली असते. काही यंत्रांत हा दंडगोल डमरूसारखा मध्ये बारीक असतो, म्हणजे वर्तुळाकार चकतीच्या कडेवरून बाहेर आलेल्या रोलरांना तो नीट वेढून राहतो.

सारी करामत तिरक्या भागाच्या वळणात आहे. सायकलच्या टायरला चिकटलेला चिखलाचा ठिपका आठवा. तो जमिनीला टेकतो त्या क्षणी स्थिर असतो. मग हळूच पुढे निघतो, वर असताना सायकलच्या दुप्पट वेगाने धावतो आणि पुन्हा जमिनीवर येताना शांत होतो. या ठिपक्याची पुढे जाण्याची गती जशी वाढते आणि कमी होते, अगदी तशीच गती मेजाला देता येते. तिला चक्रजवक्री गती म्हणतात. तिच्यात त्वरण शून्यापासून सुरू होऊन शून्यावरच संपते, म्हणून हिसका नाही.

थोडे गणित करू. पेले मेजाच्या मध्यापासून ४० सें.मी.वर आहेत. ४५ अंशांत पेला सुमारे ३१ सें.मी. जातो. याला १ सेकंद दिला, तर या गतीत सर्वांत जास्त त्वरण सेकंदाला सेकंदास सुमारे २ मीटर येते. ताकाच्या दृष्टीने हे पेला ११ अंश तिरका धरल्यासारखे आहे. कारखानदार म्हणाला, ‘अर्ध्या सेकंदात फिरवा.’ वेग दुप्पट झाला, आणि तोही निम्म्या वेळात गाठायचा. म्हणून त्वरण चौपट, सुमारे ८! पेला ३९ अंश तिरका धरल्यासारखा झाला. घाईची ही किंमत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पण कॅम कापतानाच फेऱ्याचा निम्मा भाग देण्याऐवजी पाऊण भाग फिरण्याला दिला, तर दर सेकंदाला एक पेला पुढे जाऊनही त्वरण साडेतीनच्या आसपास राहते. अर्थात पेला भरायला मग पाव सेकंदच उरतो.

आजकाल संगणकाच्या हुकमाने हवी तेवढीच फिरणारी सर्व्हो मोटारही हे काम करते. आठाऐवजी दहा थांबे हवे झाले, तर तिच्यात फक्त आकडे बदलायचे. कॅम मात्र नवा कापावा लागतो. तरीही तेच काम वर्षानुवर्षे, वेगाने आणि जड मेजावर करायचे असेल, तर पोलादात कोरलेले वेळापत्रक मला अधिक भरवशाचे वाटते.

कॅम घरीही करून पाहता येतो. एका गोल डब्याला बरोबर वेढा बसेल एवढी कागदाची पट्टी घ्या. तिच्यावर निम्म्या लांबीपर्यंत आडवी रेघ काढा आणि पुढे ती गोलाईने वर चढवून शेवटी पुन्हा आडवी करा. पट्टी डब्याला चिकटवा. एका पुठ्ठ्यात अरुंद उभी फट कापून तो डब्यासमोर धरा आणि डबा सावकाश, एकसारखा फिरवा. फटीतून रेघेचा ठिपका थांबलेला दिसेल, मग वर सरकेल आणि पुन्हा थांबेल. जोडापाशी तो एकदम मूळ जागी येईल; खऱ्या यंत्रात तेथे वरंबा पुढच्या रोलरचा ताबा घेतो. आता दुसऱ्या पट्टीवर गोलाई न देता पट्टीने सरळ तिरकी रेघ काढा आणि दोन्ही कोपऱ्यांशी ठिपका कसा दचकतो ते पाहा.