गिअरबॉक्सचे दुखणे आणि घरचे अंदाजपत्रक

मोटार जुनी झाली की तिची बारीकसारीक दुखणी सुरू होतात. कधी टायर, कधी बॅटरी, कधी एअर-कंडिशनर. हा खर्च कुरकुरत का होईना, पण महिन्याच्या हिशेबात बसून जातो. परंतु एके दिवशी मिस्त्री फडक्याला हात पुसत येतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, गिअरबॉक्सचं काम निघालंय!’’ गाडी ऑटोमॅटिक असेल तर तो जो आकडा सांगतो, तो ऐकून घरातली सर्व मंडळी एकत्र बसतात. बारा वर्षांच्या गाडीवर एवढा पैसा घालावा, की तिला निरोप द्यावा?

हा प्रश्न आताच का?

क्लचशिवाय चालणारी मोटार ही काही नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली आपल्या ओल्डस्मोबिल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स द्यायला सुरुवात केली. त्यासाठी ५७ डॉलर जादा पडत. आपल्याकडे मात्र कित्येक पिढ्या फियाटच्या स्टिअरिंगजवळचा दांडा ओढतच मोटार शिकल्या. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. तोवर चित्र पार पालटले होते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने स्वस्तातला ऑटोमॅटिक गिअर मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणला आणि इतर कारखानदारही त्या वाटेने गेले.

त्या सुमारास घेतलेल्या गाड्या आता वयात आल्या आहेत. त्या कोणी घेतल्या, हेही ध्यानात घ्यावे. कोणाचा डावा गुडघा दुखत होता, कोणी पन्नाशीत मोटार शिकले, कोणाला रोज तासभर गर्दीत क्लच दाबण्याचा वीट आला होता. अशा घरात ही गाडी गेली म्हणजे एखाद्या माणसाचे हिंडणेफिरणेच जाते. म्हणून हा निर्णय उतावीळपणे घेऊ नये.

आधी निदान, मग औषध

‘ऑटोमॅटिक’ हे नाव एक असले तरी आतली यंत्रे निरनिराळी असतात, आणि त्यांची दुखणीही. एएमटी जातीत गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम तेवढे यंत्र करते. ती गाडी धक्के देऊ लागली, तर पुष्कळदा क्लचप्लेट झिजलेली असते आणि ती बदलून काम भागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या जातीत सारा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. तेथे तेल जळणे, विजेवर चालणाऱ्या झडपा अडकणे, आतले क्लच झिजणे अशी दुखणी असतात. पहिली दोन स्वस्त, तिसरे महाग. सीव्हीटीमध्ये दोन कप्प्यांवरून पोलादी पट्टा फिरतो. तो घसरून कप्प्यांवर चरे पडले की मोठा खर्च आलाच. दोन क्लचच्या जातीत नियंत्रक यंत्रणा बिघडली तर बिल भारी येते.

इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम धक्का बसतो, गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते – ही ठळक लक्षणे. परंतु इंजिनाखालचे रबरी माउंटिंग तुटले तरी धक्का बसतो, आणि बॅटरी अशक्त असली तरी नियंत्रक गोंधळतो. संगणकावर तपासणी केली आणि ‘पी ०७००’ हा क्रमांक निघाला, म्हणजे गिअरबॉक्स गेला असे नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या नियंत्रकाने काही तक्रार नोंदवली आहे. अंगात ताप आहे, एवढेच थर्मामीटर सांगतो. ताप कशाचा, ते शोधावे लागते. सोबतचे इतर क्रमांक अवश्य मागावेत.

तेलही पुष्कळ काही सांगते. काळपट आणि करपट वासाचे तेल म्हणजे आतले क्लच जळू लागल्याची खूण. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले आहे. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी स्वस्तात घेणाऱ्याला हा अनुभव उशिरा येतो. तेलाचे पात्र उघडल्यावर तळाशी करड्या रंगाचा बारीक गाळ दिसला तर घाबरू नये. लोखंडाच्या चकाकत्या चकत्या दिसल्या तर मात्र आत मोठी झीज झाली आहे.

आकड्यांची गोष्ट

समजा, कोथरूडच्या एका घरात बारा वर्षांची गाडी आहे. दुरुस्तीचा अंदाज ९०,००० रुपये. आहे त्या स्थितीत गाडी विकली तर १,२०,००० येतील. बाई म्हणतात, ‘‘अहो, सव्वा लाखाच्या गाडीवर नव्वद हजार घालायचे? लोक हसतील!’’

हिशेब वरवर बिनतोड वाटतो, पण तुलना चुकीची आहे. गाडी विकायची नसेल तर तिच्या बाजारभावाशी आपल्याला काय करायचे? खरा प्रश्न असा, की पुढली तीन वर्षे हिंडण्याफिरण्याला कोणत्या मार्गाने किती खर्च येईल?

दुरुस्तीचे ९०,००० आणि आज न घेतलेले १,२०,००० मिळून झाले २,१०,०००. तीन वर्षांनी गाडी एक लाखाला गेली, तर निव्वळ खर्च १,१०,०००. म्हणजे महिना सुमारे ३,००० रुपये. उलट आठ लाखांची नवी गाडी घेतली आणि तीन वर्षांनी ती पाच लाखांना गेली, तर किमतीतली घटच तीन लाख. महिना सुमारे ८,३००. त्यात कर्ज काढले तर व्याज वेगळे. सहा लाख रुपये, नऊ टक्के व्याजाने, पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे साडेबारा हजार येतो. नव्या गाडीचा विमाही जास्त. जुन्या गाडीच्या किरकोळ कामांसाठी महिना दोन हजार बाजूला ठेवले तरी पारडे दुरुस्तीकडेच झुकते.

पण केव्हा थांबावे?

हा हिशेब बाकीची गाडी धडधाकट असेल तरच खरा. इंजिन तेल पीत असेल, चॅसिसला गंज लागला असेल किंवा सस्पेन्शनचे मोठे काम तोंडावर आले असेल, तर नव्वद हजार ही केवळ सुरुवात ठरते. म्हणून गिअरबॉक्सला होकार देण्यापूर्वी दुसऱ्या मिस्त्रीकडून सबंध गाडी तपासून घ्यावी. हजार-दीड हजार गेले तरी ते सार्थकी लागतात.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे चालवायची तर योग्यता-तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. चौदाव्या वर्षी मोठी दुरुस्ती निघाली, तर हेही गणितात धरावे.

मिस्त्रीला काय विचारावे?

अंदाज लेखी घ्यावा. जुनाच गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणार, नवा घालणार की मोडीच्या बाजारातला बसवणार, ते स्पष्ट विचारावे. मोडीतला स्वस्त पडतो, पण तो किती चालला आणि कसा निघाला हे कळायला मार्ग नसतो. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे हवे. सीव्हीटीत भलते तेल घातले तर नवे कामही वाया जाते. काढलेले भाग परत मागावेत, हमी किती महिन्यांची ते बिलावर लिहून घ्यावे. वाटेत गाडी बंद पडली तर दोरीने ओढत नेऊ नये. चाके फिरतात, पण तेल फिरत नाही आणि उरलेसुरले भागही जळतात. तिला ट्रकवर चढवूनच न्यावे.

विकायचेच ठरले तर घेणाऱ्याला दुखणे सांगून विकावे. भाव थोडा कमी येईल, पण दुसऱ्या घरच्या अंदाजपत्रकात आपण खड्डा पाडणार नाही.

आणि एक सांगायचे राहिले. दिवाळीत नव्या मोटारींच्या जाहिराती आणि सवलती अगदी भरात असतात. पाडव्याचा मुहूर्त चुकेल म्हणून घाई करू नये; वर्षाला मुहूर्त पुष्कळ असतात. सणाच्या दिवसांत एक संध्याकाळ काढून कागद-पेन्सिल घ्यावी, आणि गाडी रोज वापरणाऱ्या माणसाला आधी बोलू द्यावे. उत्तर बहुधा त्या कागदावरच सापडेल.