माणेकजींचा लॉज

फ्रीमेसनांवर लिहायचं म्हटलं की आमच्या वऱ्हाडातले काही अभ्यासक थेट कटकारस्थानापासून सुरुवात करतात. एप्रन, गुण्या, कंपास, दारावरचा तलवारधारी पहारेकरी, झाला लेख! लंडनचं १७१७, कलकत्त्याचे पहिले लॉज, पलटणींबरोबर हिंडणारे लॉज हे सारं वाचकांना ठाऊक आहे. यवतमाळला ना छावणी, ना बंदर; शकुंतला गाडीसुद्धा आली ती १९०३ साली. लॉज रुजायला लागणारी गोरी वस्ती आमच्याकडे कुठली? तेव्हा मुंबईला जाणं भाग आहे, आणि मी तर तिथे माणेकजी कर्सेटजींसाठीच जातो.

पारशी असलेल्या माणेकजींना मुंबईच्या साहेबी लॉजने आत घेतलं नाही. गृहस्थ पॅरिसला गेले आणि तिथे दीक्षा घेऊन आले. तरी इथलं दार बंदच. मग मध्ये पडले डॉ. जेम्स बर्न्स. हे मुंबई सैन्यातले शल्यवैद्य, सिंधच्या मीरांवर उपचार करून आलेले, पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजांचे प्रमुख. त्यांचे भाऊ अलेक्झांडर आणि चार्ल्स १८४१ च्या नोव्हेंबरात काबूलमध्ये जमावाच्या हातून मारले गेले होते. साहेब मनात विष धरून बसला असता तर त्या काळात कुणाला नवल वाटलं नसतं. पण १८४३ च्या डिसेंबरात त्याच माणसाने हिंदी लोकांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' लॉज उभा केला. साहेबाचे हेर हुडकणाऱ्या आमच्या मित्रांनी एकदा याचा उलगडा करावा. ही वेगळी पंगतच झाली, असं एक टीकाकार मला नेहमी ऐकवतात. झाली ना, पण तिच्यात बर्न्स स्वतः बसले, हे ते सोयीने विसरतात.

शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर, राजकारण आणि धर्मवाद दाराबाहेर, नव्या उमेदवाराचा निकाल काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी. सभा कशी चालवायची याचे धडे पुढच्या पिढीने अशा ठिकाणीही गिरवले, असं माझं जुनं मत आहे. खरशेदजी रुस्तमजी कामा याच लॉजातले. दादाभाई आणि फिरोजशहा मेहता हेही मेसन. हिंदूंना मात्र कलकत्त्यात तंगवलं. अनेक देव मानणाऱ्याला विश्वाचा एकच शिल्पकार कसा मान्य होणार, ही तिथल्या साहेबांची शंका. प्रसन्नकुमार दत्त चिकाटीचे, म्हणून १८७२ मध्ये आत गेले.

पुढचं थोडक्यात. १९६१ च्या नोव्हेंबरात ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाला आणि रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर झाले. त्या समारंभी इतिहासात मला फारसा रस नाही. माणेकजींनी १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन काढलं, त्यात आहे.

हल्ली अभ्यास म्हणजे मोबाइलवर आलेला त्रिकोणातला डोळा. आमच्याकडचे संशोधक विद्यार्थी मुंबईला जातात, मंत्रालयात चकरा मारतात, गेटवेपाशी फोटो काढतात. फोर्टातला फ्रीमेसन्स हॉल तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, हे सांगितलं की विचारतात, "सर, आत सोडतात का?" आधी दारापर्यंत जा की लेको!