जुन्या तसबिरीची नवी नक्कल

कृष्णाकाठच्या माणसाला महापूर म्हणजे काय, हे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची खूणही ओलांडली. कऱ्हाडकरांनीही ते पाणी पाहिले. पुरात गेलेली भांडीकुंडी पुन्हा घेता येतात. पण भिंतीवरची आजोबांची तसबीर भिजून काचेला चिकटली, तर ती कोठून आणायची? म्हणून पाणी चढण्याआधीच तिची नक्कल संगणकात करून ठेवावी. ते करताना जे चार इंग्रजी शब्द आडवे येतात, त्यांची आज ओळख करून घेऊ.

पहिला शब्द पिक्सेल. आपल्या आयाबहिणी रांगोळीचे ठिपके मांडतात ना, तशाच संगणकातल्या चित्रात रंगीत ठिपक्यांच्या रांगा असतात. फक्त येथे रेषा नसतात; ठिपकेच इतके दाट, की डोळ्यांना चित्र दिसते. एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल, आणि दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल.

दुसरा शब्द डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. स्कॅनर हेच विचारतो. सहा इंच लांब व चार इंच रुंद तसबीर ३०० डीपीआयने उतरवली, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके झाले. त्याच आकाराची प्रत छापायला ते पुरतात. मोठी प्रत हवी असेल तर ६०० ठेवा. ठिपके चौपट होतील. दुप्पट न होता चौपट का, हे गुरुजींनी मुलांना फळ्यावर जरूर करून दाखवावे.

तिसरा शब्द जेपीईजी. चित्र कमी जागेत मावावे म्हणून त्यातला बारीक तपशील गाळून टाकण्याची ही रीत आहे. उसाचा रस आटवून गूळ केला, तर जागा कमी लागते. पण गुळात पाणी ओतले म्हणून रस काही परत येत नाही. तसेच हे. टिफ नावाच्या रीतीत काही न गाळताही चित्र ठेवता येते. जागा मात्र पुष्कळ लागते.

चौथा शब्द क्रॉप, म्हणजे कडा कापणे. जपून कापा हो! कडेला उभा असलेला अनोळखी माणूस कदाचित तुमचा चुलत आजोबा असेल.

आता मुख्य गोष्ट. जो तपशील एकदा गेला, तो नंतर कोणत्याही युक्तीने परत येत नाही. अंधुक चेहरा स्पष्ट करून देणारी नवी यंत्रे निघाली आहेत. पण ती हरवलेले नाक-डोळे अंदाजाने भरतात. तो चेहरा देखणा असेल. आजोबांचाच असेल, याची खात्री नाही.

तेव्हा एवढे करा. पहिली नक्कल जशीच्या तशी राखा आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करा. व्हॉट्सॲपने पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती आणखी आटते. एक प्रत उंचावरच्या गावातील पाहुण्यांकडे असू द्या. आणि तसबिरीतली माणसे कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. ते काम कोणताही स्कॅनर करणार नाही.