लायटरच्या ‘टक्’मागची वीज

स्वयंपाकघरातला गॅस लायटर दाबला की ‘टक्’ होते आणि ठिणगी पडते. त्यात ना सेल, ना बाहेरून जोडलेली वायर. मग वीज येते कुठून? आपल्या अंगठ्याच्या जोरातून! खटका दाबताना आतली स्प्रिंग आवळली जाते. ती सुटताच छोटीशी हातोडी सिरॅमिकच्या कांडीवर आदळते. त्या एका ठोक्याने कांडीच्या दोन टोकांत हजारो व्होल्टचा फरक निर्माण होतो आणि मधली हवा फोडून ठिणगी उडते.

हाच गुण असलेल्या क्वार्ट्झच्या स्फटिकात पाहिले तर कारण स्पष्ट होते. त्यातले धन आणि ऋण प्रभार एकमेकांना अगदी तोलून धरतात. दाब पडला की अणूंची रचना किंचित कलते, तोल ढळतो आणि समोरासमोरच्या पृष्ठांवर विरुद्ध प्रभार जमतात. मात्र दाब बदलत राहिला पाहिजे. नुसता धरून ठेवला तर प्रभार हळूहळू निघून जातो. म्हणूनच ठोका लागतो.

हा दाबविद्युत परिणाम १८८० मध्ये पॅरिसला जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवून दिला. मला त्याची उलटी बाजू अधिक विलक्षण वाटते : वीज दिली की असा स्फटिक आकार बदलतो, थरथरतो. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये हे दोन्ही घडते. त्यातली एकच दाबविद्युत चकती आधी विजेने थरथरून पोटात ध्वनिलहरी सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनीच्या दाबातून पुन्हा वीज तयार करते. पडद्यावर दिसणारे बाळ त्या विजेतूनच उमटते.