पायलट जेटच्या आरपार

सकाळी साडेसहा

नळाचं पाणी भरून झालं, आईला चहा दिला, की मी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये येते. पेट्रोलचं काम घराच्या आत करायचं नाही, हा बाबांचा नियम. त्यांचं गॅरेज बंद होऊन बारा वर्षं झाली, नियम चालू आहे. टेबलावर पांढरं पंच्याचं कापड अंथरते. कार्बोरेटरचा जेट पितळेचा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. रंगीत कापडावर तो पडला तर अर्धा दिवस शोधण्यात जातो.

आज दोन कार्बोरेटर आहेत. एक कागलहून आलेल्या आरएक्स हंड्रेडचा, मिकुनी. गाडी १९९२ची, अकरा वर्षं गोठ्यात उभी होती. दुसरा येझदीचा जिकोव्ह, त्याची स्लाइड झिजलीय.

पाना हातात घेण्याआधी वही उघडते. मिकुनीचा एअर स्क्रू हलक्या हातानं आत फिरवत मोजला: सव्वातीन फेरे. साधारण दीड फेऱ्यावर असायला हवा. म्हणजे आधी कुणीतरी आतला दोष या स्क्रूनं झाकायला बघितलंय. सुईचा क्लिप वरून दुसऱ्या खाचेत. हेही लिहून घेतलं. पहिल्यापासूनचं लिहिलेलं नसेल तर संध्याकाळी गाडी बिघडली की घराकडची वाट सापडत नाही.

आठ

खालची वाटी उघडली आणि वास आला. जुन्या पेट्रोलचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, वार्निश आणि आंबलेलं तेल एकत्र केल्यासारखा. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि जड भाग तळाला डिंकासारखा बसतो. वाटीच्या तळाशी तसाच पिवळा थर. फ्लोटची सुई त्यात चिकटून बसलेली. पितळेचे भाग मात्र हिरवे पडलेत. गोठ्यातल्या हवेत अमोनिया असतो, तो पितळेला खातो. जनावरांशेजारी गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

मेन जेट निघाला. पायलट जेट निघेना. तो खोल विहिरीत बसलेला, डोक्यावर एकच खाच, आणि त्या खाचेच्या कडा आधीच कुणीतरी चुकीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं खाल्लेल्या. इथं जोर केला तर पितळ तुटून आतच राहतं आणि आटे जातात. मग ती बॉडी भंगारात. गंज सोडवायचं तेल दोन थेंब टाकलं, हॉट एअर गननं बाहेरून अंगाला सोसेल एवढंच तापवलं, आणि बाजूला ठेवून भाजी चिरायला गेले. वीस मिनिटांनी परत तेल, परत ऊब. तिसऱ्या वेळी खाचेच्या मापाला कानस मारून घेतलेला ड्रायव्हर पक्का बसवला, आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं दाबला, मग उलटा. ‘टक्’ झालं. या आवाजासाठी मी तासभर थांबायला तयार असते.

जेट उजेडासमोर धरला. आरपार काही दिसेना. एवढ्याशा भोकातून गाडीचं आयडलिंग आणि पहिली रेस चालते. ते बुजलं होतं म्हणून गाडीचे मालक कागलकर सहा महिने किका मारत होते.

साडेनऊ

भोक मोकळं करायला मी विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार वापरते. तांबं पितळेपेक्षा मऊ, जेटला ओरखडा पडत नाही. स्टीलची तार किंवा ड्रिल मी टेबलावर येऊच देत नाही. त्याला कारण आहे. कॉलेजात असताना बाबा आजारी होते म्हणून माझी गाडी मी दुसऱ्या एका गॅरेजात दिली. परत आली तर धूर ओकत होती, प्लग दर आठवड्याला काळा. चार महिन्यांनी बाबांनी जेट काढून दाखवला: आकडा तोच, भोक मात्र रुंद केलेलं. भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं, आणि पेट्रोल त्या हिशेबानं जातं. डोळ्याला हा फरक दिसत नाही. म्हणून आकड्यावर विश्वास न ठेवता मी प्रत्येक जेट नव्याशेजारी भिंगाखाली धरते.

अकरा

गुजरीत सराफांकडे दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक यंत्र असतं, तसंच दोन लिटरचं माझ्याकडे आहे. कोमट पाणी, थोडा साबण, वीस मिनिटं. सेकंदाला चाळीस हजार कंपनांनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि जिथं ब्रश पोचत नाही त्या वाटांमधला मळ सुटतो. यंत्र नीट चालतंय का बघायला अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा बुडवायचा. मिनिटभरात त्याची चाळण होते.

तेवढ्यात कागलकरांच्या पुतण्याचा फोन.

“ताई, लिंबूपाण्यात उकळून देताय न्हवं? काका म्हणत्यात चकचकीत झालं पाहिजे.”

“लिंबू नको रे. बॉडीचा धातू जस्ताच्या मिश्रणाचा आहे, आंबटानं तो खाल्ला जातो. वरचा पांढरा बुरा मी काढते. बाकी रंग तीस वर्षांहून जुना आहे तो असू दे.”

त्याला पटलं की नाही, कळलं नाही. पण बाहेरून आरसा आणि आतून बुजलेला असा कार्बोरेटर मला कुणाच्या हातात द्यायचा नाही.

प्रत्येक वाटेतून हवा मारून पाहिली. पायलटची वाट इंजिनाकडच्या दोन बारीक भोकांत फुटते. एकातून हवा आली म्हणून काम झालं असं नाही. दुसऱ्या भोकासाठी बॉडी अजून दोनदा यंत्रात गेली.

दुपारी अडीच

जेवून उद्यमनगरला. जिकोव्हची स्लाइड बॉडीत खडखडते, त्या फटीतून जादा हवा शिरते, म्हणून येझदीचं आयडलिंग कधी चढतं, कधी बंद पडतं. नुसती नवी स्लाइड टाकून भागत नाही, बॉडीचं भोकही लांबट झालेलं असतं. लेथवाले मामा आधी भोक गोल करून घेतात, मग त्या मापाची पितळी स्लाइड वळतात.

“किती ढिली ठेवू, ताई?”

“पन्नास मायक्रॉन. आणि मामा, पुढचा तिरका काप जुन्यावरून तंतोतंत घ्या.”

त्या कापावर थ्रॉटलचा पहिला पाव भाग चालतो. जरा जास्त कापला तर गाडी रेस देताना ढेकर देते.

साडेचार

जुळणी. सगळ्या रबरी रिंगा व्हायटनच्या घातल्या, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्यात जुनं रबर फुगतं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. १९८५ साली आलेल्या मॉडेलचे जेट आजच्या पेट्रोलला तोकडे पडतात, इंजिन कोरडं चालतं आणि टू-स्ट्रोकमध्ये कोरडं म्हणजे पिस्टन तापून चिकटणं. म्हणून मेन जेट मी एक नंबर मोठा टाकते, कारखान्यातूनच आलेला, भोक वाढवलेला नव्हे.

सलाइनच्या जुन्या स्टँडला पेट्रोलची बाटली टांगली, नळी जोडली, खाली ‘पुढारी’चं पान पसरलं. अर्धा तास. पान कोरडं राहिलं, म्हणजे फ्लोटची सुई बसली.

साडेपाच

दुसऱ्या किकला आरएक्स लागली. एअर स्क्रू दीड फेऱ्यावर, मग कानानं पाव फेरा मागेपुढे. पन्हाळ्याच्या रस्त्याला काढली. वाघबीळचा चढ कार्बोरेटरला खोटं बोलू देत नाही. चढावर पूर्ण थ्रॉटल धरून एकदम क्लच दाबला, इंजिन बंद केलं, कडेला घेऊन प्लग काढला. पांढरट. अजून कोरडं. सुईचा क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर. पण पूर्ण थ्रॉटलला सुईचं फार चालत नाही, तिथं मेन जेटच. खिशातला पुढचा नंबर काढला, हेल्मेट उलटं करून त्यात सुटे भाग ठेवले, तिथंच बदलला. दुसऱ्या चढाईनंतर प्लग आला दुधाच्या कॉफीच्या रंगाचा.

उतरताना रेस सोडली की तिचा तो ओळखीचा ‘टिंग-टिंग’ आवाज. रस्त्यातल्या दोन पोरांनी मान वळवून बघितलं.

रात्री दहा

वही: एअर स्क्रू सव्वा फेरा, क्लिप तिसरी खाच, मेन जेट दोन नंबर मोठा. जुने जेट पुडीत बांधून वर कागलकरांचं नाव घातलं. त्यांचे आहेत, त्यांना परत जाणार.

झोपण्याआधी शेडमध्ये डोकावले. मामांनी दिलेली स्लाइड घालून जिकोव्ह जेवणाआधीच बाटलीखाली टांगला होता. बॅटरी मारली. ‘पुढारी’च्या पानावर आठ आण्याएवढा ओला डाग. नळी बंद केली, बाटली उतरवून बाहेर ठेवली आणि उद्याच्या पानावर पहिली ओळ लिहिली: येझदी, फ्लोटची सुई परत घासून बसवणे.